घरमालकाचे पत्र

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळतो. कडू आधी आणि गोड मागाहून, हा क्रम आपल्या वाडवडिलांनी मोठ्या शहाणपणाने घालून दिलेला दिसतो. दिवाळी अंकातल्या एखाद्या लेखानेही कारिटाचे काम करायला हरकत नाही, अशा समजुतीने मी आज भाडेवाढीचा विषय घेऊन बसलो आहे. विषय कडू खरा. पण डोक्यावरचे छप्पर शाबूत असेल तर चकलीची गोडी, हे कोणत्याही बिऱ्हाडकरूला पटावे.

मी वकील नव्हे. एका बँकेत एकतीस वर्षे कारकुनी केली आणि त्यातली बरीचशी वर्षे दुसऱ्यांचे कागद तपासण्यात गेली. जन्म गिरगावातल्या चाळीत झाला आणि मुक्कामही तिथेच. त्यामुळे झाले असे, की चाळीत कुणाला टंकलिखित पत्र आले की ते घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. त्या पत्रांत सर्वांत जास्त घाबरवणारे पत्र कोणते म्हणाल, तर घरमालकाचे. इस्पितळाचे बिल परवडले, पण हे पत्र नको, असा चेहरा करून माणसे समोर बसतात.

अशा पत्राला दोन तऱ्हेची उत्तरे दिली जातात आणि दोन्ही सारखीच घातक आहेत. एक भित्र्याचे उत्तर : मागितले तेवढे मुकाट्याने भरून टाकणे. दुसरे तापटाचे उत्तर : “भाडे वाढवतो काय? मग एक पैसुद्धा देत नाही!” असे म्हणून जुने भाडेही बंद करणे. पहिल्यात पैसा जातो. दुसऱ्यात घर जाते. या दोहोंच्या मधली वाट कायद्याने नीट आखून दिली आहे. ती दाखवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थोडा मागला इतिहास

मुंबईत भाड्यावर सरकारी लगाम आला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली. गिरण्या वाढल्या होत्या, गोदीत काम होते, माणसांचे लोंढे येत होते आणि खोल्या मात्र तेवढ्याच होत्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली. मग १९३९ चा, १९४४ चा आणि शेवटी १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. या १९४७ च्या कायद्याने ढोबळ मानाने १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेचे जे भाडे होते, तेच तिचे ‘प्रमाण भाडे’ ठरवून टाकले. कायदा काही थोड्या वर्षांपुरता म्हणून आला होता. पण आपल्याकडे तात्पुरती म्हणून घातलेली मोरीवरची पत्र्याची शेड जशी नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकते, तसा हा कायदा मुदतीमागून मुदत घेत पन्नास वर्षे टिकला.

त्याने लाखो कुटुंबांना आसरा दिला, हे खरे. परंतु डाळ-तांदूळ, गवंड्याची मजुरी, सिमेंट या सर्वांचे भाव आकाशाला भिडले असताना भाडे मात्र १९४० सालीच थांबलेले, ही गोष्ट मालकाच्या बाजूने पाहता उघड उघड अन्यायाची होती. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात तसे स्पष्ट सांगितले : भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी आणि मनमानी झाले आहे. त्यानंतर राज्याने नवा कायदा केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हे त्याचे नाव. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, आणि आज घरमालकाचे पत्र हातात पडले की पाहायचा तो हाच कायदा.

आधी स्वतःला ओळखा

पत्र आल्यावर पहिला प्रश्न रकमेचा नाही. पहिला प्रश्न असा, की आपण त्या जागेत कोण आहोत? भाडेकरू आहोत, की ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे परवान्यावर, राहणारे आहोत? बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो आणि दोघेही देतात त्याला भाडेच म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन निराळ्या जाती आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

जुन्या चाळीत, वाड्यात, पागडीच्या जागेत ज्यांच्याकडे महिन्याच्या महिन्याला भाडेपावती येते, ते भाडेकरू. अकरा महिन्यांचा, दोन-तीन वर्षांचा करार करून, अनामत देऊन जे ब्लॉकमध्ये राहतात, ते बहुधा परवानाधारक. आधी पहिल्यांचे पाहू.

काकूंचे चारशे पन्नास रुपये

२०१२ सालची गोष्ट सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. दोन खोल्या, पुढे सज्जा. यजमान २००९ साली गेले. मुलगा नोकरीच्या खटपटीत. भाडे दरमहा ४५० रुपये. त्या सुमारास जुन्या मालकाने चाळ विकली आणि नव्या मालकाचे पत्र आले. त्यात चार गोष्टी होत्या. येत्या १ तारखेपासून भाडे ३,००० रुपये राहील. पावती मयत इसमाच्या नावे असल्याने तुमचा जागेवर हक्क नाही. नगरपालिकेचे कर वाढले आहेत. आणि हे मान्य नसल्यास महिन्याच्या आत जागा खाली करावी.

काकूंनी पत्र माझ्यापुढे ठेवले आणि पदराने डोळे टिपले. “भावजी, पोळपाट-लाटणे घेऊन या वयात कुठे जाऊ?” चिरंजीव मागे उभे. ते म्हणाले, “आई, आजपासून त्याला दमडी द्यायची नाही.” म्हणजे भित्रे आणि तापट ही दोन्ही उत्तरे एकाच घरातून एकदमच निघाली!

आम्ही पत्रातला एकेक मुद्दा घेतला आणि कायद्यापुढे धरला.

पहिला, तीन हजारांचा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे मालकाला भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. चारशे पन्नासाचे चार टक्के म्हणजे अठरा रुपये. नवे भाडे ४६८ झाले. मालकाने चाळीत काही सुधारणा किंवा मोठा बदल केला, तर त्यासाठीही वाजवी वाढ मागता येते. पण त्याला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि ती वाढ झालेल्या खर्चाशी बांधलेली असते. आमच्या चाळीत तर त्या वर्षी भिंतीला चुन्याचे बोटसुद्धा लागले नव्हते. प्रमाण भाडे आणि कायद्याने दिलेली वाढ यांपलीकडे एक रुपयाही मागणे बेकायदेशीर आहे. भाडे किती असावे याबद्दल खरोखरच वाद असेल, तर तो न्यायालयाकडून ठरवून घेता येतो. पत्राने तो ठरत नाही.

दुसरा मुद्दा पावतीवरच्या नावाचा. भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी कुटुंबातली व्यक्ती कायद्याने भाडेकरू होते. काकू यजमानांबरोबर त्याच खोल्यांत अडतीस वर्षे राहिलेल्या. शिधापत्रिका होती, मतदारयादीत नाव होते, विजेची बिले होती. पावतीवरचे नाव बदलायला मालक टाळाटाळ करील. पण त्याने टाळले म्हणून हक्क जात नाही.

तिसरा मुद्दा कराचा. हा मात्र मालकाच्या बाजूचा होता. महापालिकेचे कर खरोखर वाढले असतील, तर वाढलेला भाग भाडेकरूंकडून घेण्याचा मालकाला हक्क आहे. पण जेवढा कर वाढला तेवढाच, आणि त्याचा हिशेब दाखवून. तेव्हा आम्ही नकार न देता हिशेब मागितला.

चौथा मुद्दा, जागा खाली करण्याचा. भाडेकरूला कोणकोणत्या कारणांनी काढता येते, त्याची यादीच कायद्यात आहे : परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीवाचून पक्के बांधकाम करणे, सहा महिने सतत विनाकारण जागा न वापरणे, मालकाला स्वतःसाठी जागेची खरीखुरी गरज असणे, वगैरे. ‘मागितलेली वाढ दिली नाही’ हे कारण त्या यादीत नाही. आणि यादीतले कारण असले तरी निकाल न्यायालय देते, मालक नव्हे. प्रमाण भाडे आणि रास्त वाढ देण्यास जो तयार आहे, त्याला भाड्याच्या कारणावरून मालक बाहेर काढू शकत नाही, हा या कायद्याचा कणा आहे.

इतके झाल्यावर काकूंच्या सहीने उत्तर गेले. त्यात ना संताप, ना गयावया. ‘कायद्याप्रमाणे वाढीव भाडे ४६८ रुपये देण्यास मी तयार आहे व यापुढेही राहीन, कराचा हिशेब कळवावा, पावती माझ्या नावे करावी.’ पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. १ तारखेला भाडे घेऊन चिरंजीव गेले. मालकाच्या माणसाने ते घेतले नाही. मग मनीऑर्डर केली. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन ती परत आली. पुढच्या महिन्यात पुन्हा केली, पुन्हा परत. सहा महिने हा खेळ चालला. परत आलेली प्रत्येक रक्कम काकूंनी बँकेत वेगळ्या खात्यात ठेवली आणि प्रत्येक शेरा फराळाच्या रिकाम्या डब्यात. त्या डब्यातले सहा चिटोरे हेच काकूंचे खरे वकीलपत्र होते, कारण ‘मी भाडे देत होते, मालक घेत नव्हता’ हे त्यांनी सिद्ध होत होते.

मध्यंतरी जिन्यातला दिवा नाहीसा झाला आणि पाण्याची वेळ अर्ध्यावर आली. ही जुनीच युक्ती. पाणी, वीज, जिन्यातला उजेड, स्वच्छता या आवश्यक सोयी मालकाने तोडणे हा या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या पूर्ववत करून देण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. चाळीतल्या अकरा बिऱ्हाडांनी मिळून तशा अर्थाचे पत्र धाडले. दोन दिवसांत दिवा लागला. सातव्या महिन्यात मालकाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिला आणि सहा महिन्यांचे भाडे ४६८ च्या दराने, काकूंच्या नावे पावती फाडून घेऊन गेला. कराचा हिशेबही आला. काकूंच्या वाट्याची वाढ थोडकी होती, ती त्यांनी त्याच दिवशी दिली.

आणि जे घर गेले ते

सगळ्याच गोष्टींचा शेवट असा होत नाही. आमच्याच गल्लीत एक गृहस्थ होते. स्वभावाने मानी, बोलायला फटकळ. मालकाने बेकायदा वाढ मागितली, ही त्यांची तक्रार अगदी खरी होती. पण त्यांनी जुने भाडेही देणे थांबवले. “मालक चोर आहे, चोराला भाडे कसले?” हे त्यांचे वाक्य साऱ्या गल्लीला पाठ होते.

कायदा अशा माणसालासुद्धा सवड देतो. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाला लेखी मागणी करावी लागते आणि ती पोचल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सर्व थकबाकी सालिना १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरावी, दाव्याचा खर्च द्यावा आणि निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमित भरत राहावे. एवढे केले, की थकबाकीच्या कारणाने ताबा देण्याचा हुकूम होत नाही. आमच्या गृहस्थांनी नोटिशीला उत्तर दिले नाही. समन्सनंतर एकदा रक्कम भरली आणि पुढे, “खटला चालू आहे, आता काय घाई?” म्हणून महिनोन्महिने भरलेच नाही. ‘नियमित’ या एका शब्दाने घात केला. निकाल विरुद्ध गेला. तीन पिढ्या जिथे वाढल्या त्या दोन खोल्यांतला संसार एका टेंपोत मावला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. बाजू खरी होती. पण पावत्या नव्हत्या.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की मालकाशी भांडा, पण भाडे चुकवू नका. तो घेत नसेल तर पुराव्यानिशी पाठवा. हल्ली बँकेतून थेट खात्यात भरण्याची सोय आहे, धनादेश स्पीड पोस्टाने पाठवता येतो. दर महिन्याची भाडेपावती देणे हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, ती मागायला संकोच करू नका.

परवान्यावर राहणारी मंडळी

आता दुसरी जात. माझी भाची आणि जावई ठाण्याला ब्लॉक घेऊन राहतात. परवान्याचा करार. पाचव्या महिन्यात मालकाने फोन केला, “आजूबाजूला दर वाढले आहेत, पुढल्या महिन्यापासून चार हजार जास्त द्या.” भाचीने मला विचारले, “मामा, चार टक्क्यांचा कायदा दाखवू का?” मी म्हटले, “नको, तो तुझा नव्हे. तू आपला करार काढ.”

परवानाधारकाला प्रमाण भाड्याचे आणि ४ टक्क्यांचे संरक्षण नाही. त्याचे संरक्षण म्हणजे त्याचा कागद. करार चालू आहे आणि त्यात मधल्या वाढीचे कलम नाही, तोवर मालकाला एकतर्फी वाढ करता येत नाही. भाचीच्या करारात तसे कलम नव्हते. जावयांनी तेवढे एक वाक्य लिहून कळवले आणि विषय संपला. परंतु मुदत संपली की पारडे फिरते. नव्या करारासाठी मालक बाजारभावाने काय वाटेल ते मागू शकतो, आणि आपल्याला पटले नाही तर निघावे लागते. मुदत संपूनही जागा अडवून बसणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. तेव्हा काकूंच्या उदाहरणाने भाचीने अडून बसणे शहाणपणाचे नव्हे.

भाचीच्या पिढीला मी सांगतो, घासाघीस करायची ती सहीच्या आधी. अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार मागा. दरसाल किती टक्के वाढ, ते आकड्यात लिहून घ्या. अनामत कधी परत मिळणार, घर सोडताना किती दिवस आधी कळवायचे, रंगाचा खर्च कुणाचा, हे सारे कागदावर येऊ द्या. आणि करार नोंदवल्याशिवाय राहायला जाऊ नका. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

इथे एक सावधगिरी. दोन महिन्यांहून जास्त अनामत घेता येत नाही, भाडेवाढीआधी तीन महिने सूचना द्यावी लागते, असे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. हे नियम केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातले आहेत. आदर्श म्हणजे नमुना. राज्याने तो आपला म्हणून स्वीकारल्याखेरीज त्याच्या बळावर भांडता येत नाही.

मालकाच्या बाजूने दोन शब्द

भाडेकरूने एक गोष्ट विसरू नये. साठ रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. तेवढ्यात अर्धा कप चहासुद्धा येत नाही. अशा दहा-बारा भाड्यांवर गळके छप्पर सांभाळणारे, त्याच चाळीत तळमजल्यावर राहणारे मालकही मी पाहिले आहेत. सगळेच मालक कारस्थानी नसतात आणि सगळेच भाडेकरू गरीब गाय नसतात. म्हणून चार टक्क्यांची वाढ मालकाने मागेपर्यंत थांबू नये. ती आपण होऊन द्यावी. जो आपले देणे वेळेवर देतो, त्याच्या हक्काच्या बोलण्याला वजन येते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण कोर्टाने बोलावले असताना न जाणे हा शहाणपणा नव्हे. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. जिथे तसे न्यायालय नाही तिथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे काकूंसारख्या कितीतरी जणींना ठाऊकच नसते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या कागदांचे गाठोडे खाली येतेच. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा सोडून पाहा. भाडेपावत्या वर्षवार लावा. पावतीवर कुणाचे नाव आहे ते वाचा. ती व्यक्ती हयात नसेल, तर नाव बदलून मिळण्याचे पत्र या सुटीतच लिहा. कराराची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपून ठेवा. व्यापारी लक्ष्मीपूजनाला आपल्या वह्या पुजतात. नोकरदाराच्या घरातली वही म्हणजे या पावत्यांचा गठ्ठा. त्याला हळदकुंकू वाहायलाच पाहिजे असे नाही. उंदरांपासून आणि वाळवीपासून जपला, तरी पुष्कळ झाले.